टबातला शेवटचा मागूर

मंगळवारी अर्जुनीच्या बाजारात टबातला शेवटचा जिवंत मागूर मासा मी एकशेवीस रुपयांत मागितला. तिथे मी आणि मासेवाला, दोघेच होतो. तो लहानपणी पूर्व बंगालातून आलेला निर्वासित. एरवी शेजारी स्वेटर विकणारा तिबेटी म्हातारा दर बाजारी त्याच्याकडून एक जिवंत मासा घेतो आणि पुण्य म्हणून बाजारामागच्या तळ्यात सोडतो.

“हा नाही भेटणार, दादा. बुढा बिमार हाये. आज मलेच सोडा लागते.”

“दिवसभर मासे कापता, मग हा काऊन सोडून राहिले?”

हातावरचा खवला खरवडत तो म्हणाला, “उद्या हा माह्याच जाळ्यात येईन म्हणतो मी बुढ्याले, तर हासते. आम्हा दोघायचं घर सुटलं. मासा तरी घरी जाऊ द्या.”

त्याने मासा तळ्यात सोडला. एकशेवीस रुपये मी त्यालाच दिले आणि रिकामी पिशवी घेऊन आलो. कशाचे दिले, हे बायकोला अजून सांगता आलेले नाही.