तणस कोणी फेकलं

बायकोच्या हातचं शेवटचं काम म्हणजे संत्र्याच्या सालीचं लोणचं. सून ते मोबाईलवरून एका कंपनीमार्फत विकते. माल आधी कंपनीच्या नागपूरच्या गोदामात जातो, मग गिऱ्हाइकाकडे. बायकोनं जन्मभर संत्र्याच्या पेट्या भरल्या, तशाच काचेच्या बरण्या भरल्या. खाली तणस म्हणजे धानाचा वाळला पेंढा, मधी तणस, वर तणस. मग खोकं हलवून कान लावायची. आवाज आला की पुन्हा भरायची.

ती गेली, अन् मागून कंपनीचा निरोप आला की बरण्या फुटल्या. सुनेनं भरपाई मागितली. उत्तर आलं ते नेमकं तेरवीच्या दिवशी. पॅकिंग खराब होतं म्हणे, भरपाई नाही.

पंगत बसली होती, अन् हे मेलेल्या बाईच्या कामाला खराब म्हणून राहिले. पैसा गेला खड्ड्यात. तो शब्द मला त्यांच्या घशातून बाहेर काढायचा होता.

"माल वापस मागव," मी सुनेला म्हटलं.

"मामाजी, फुटक्या काचा कायले पायजे तुमाले?"

"मागव म्हटलं ना."

खोकं आलं. अंगणात उघडलं तर काचा, चिकट साली अन् चुरगळलेला कागद. तणसाची एक काडी नाही. कोणीतरी खोकं उघडून, कचरा समजून तणस फेकलं होतं, अन् कागद कोंबून पुन्हा पट्टी मारली होती. सुनेनं त्याचे फोटो पाठवले. सासू तणस भरून राहिली होती तेव्हाचाही एक फोटो तिच्याजवळ होता.

"मामाजी, मंजूर झालं! पैसे जमा झाले."

"चूक त्यायची होती म्हून लिवलं?"

"तसं नाही लिवत ते."

मी झाकणांवर बांधलेले बायकोच्या जुन्या लुगड्याचे तुकडे सोडून खिशात घातले, अन् खोकं घेऊन आमच्या रामाकोन्याहून सौसरच्या बसमधी बसलो. शेजारचा माणूस नाक दाबून उठून गेला.

सौसरला कंपनीचं पार्सलचं हापिस आहे. खोकं टेबलावर उघडून ठेवलं. माशा माझ्यासोबतच आल्या होत्या.

"काका, हे काय?" टेबलामागचा बाबू म्हणाला.

"माह्या बायकोचं लोणचं. खोकं उघडून तणस कोणी फेकलं?"

"आमी नुसता माल पोचवतो. गोदामवाल्यायनं उघडलं असन."

"पॅकिंग खराब होतं का?"

"नाही जी. चांगलंच असन."

"मंग उभा राहून म्हण. सगळ्यायले आयकू गेलं पायजे."

तो हसला. मी खुर्ची ओढून बसलो. रांगेतली एक बाई पदर नाकाला लावून ओरडली, "म्हणून टाक ना रे बाबू! जीव गुदमरून राहिला आमचा."

शेवटी तो उठला. "पॅकिंग चांगलं होतं. आमच्या लोकायनं खोकं उघडलं, तणस फेकलं, म्हून फुटलं."

"अजून जोरानं."

त्यानं जोरानं म्हटलं.

"आता उचला हे, काका."

"कायले उचलू? पैसे देल्ले ना तुमी? माल तुमचा झाला."

अन् मी निघालो. परवा तिकडून गेलो, तर टेबलावर मुंग्यांची रांग अजून होती. बरं वाटलं.