तुम्ही खा, मी देखस
चीज भाजल्याचा वास आला की धुळ्यातली नव्वदीच्या सुरुवातीची ती दुपार आठवते. आईच्या घशाचा आजार आता बरा होणार नाही, असं डॉक्टरांनी वडिलांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईला ते आम्ही सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून एसटी स्टँडकडे जाताना नव्यानेच उघडलेल्या इटालियन हॉटेलाची पाटी पाहून तीच म्हणाली, "चला, काहीतरी नवं खाऊत." दारावरचं झेंडूचं तोरण अजून ताजं होतं. शेजारच्या टेबलावरची माणसं नाकं मुरडत होती. कुणाला पीठ कच्चं वाटत होतं, कुणी तिखट मागत होतं. पिझ्झा आला तशी आई हसली, "भाकरवर दही सांडेल शे का?" तिने लहानसा घास बराच वेळ चघळला आणि पदराआड काढून टाकला. वडील मालकावर भडकले, "हाई काय खानं शे?" आईने त्यांचा हात धरला. "त्याले काही बोलू नका. खानं चांगलं शे, मना गळाच बंद व्हयी गया. डॉक्टर काय बोलना ते माले बठ्ठं माहीत शे. तुम्ही खा, मी देखस." वडिलांनी मान खाली घातली आणि तिच्यासमोर एकेक तुकडा संपवला. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले, तरी ते घास त्यांच्या घशाखाली कसे उतरले असतील, हे मला कळत नाही.