मधला रिकामा खण

माझा साडू अजून हयात आहे, म्हणून हे जपून लिहायला हवं. पण फार जपलं तर त्यात तो दिसणारच नाही. ऑफिसात त्याला सगळे टाचणी म्हणत. बोलला की कुठेतरी टोचायचंच. आमच्या बायका सख्ख्या बहिणी आणि आमची टेबलं समोरासमोर, त्यामुळे सुटका घरीही नव्हती.

दवाखान्यातल्या रक्ताच्या नळ्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या छापणारा, सी या संगणकभाषेतला प्रोग्राम त्याने लिहिला होता. त्याची साफसफाई साहेबांनी मला दिली, तेव्हा तो सगळ्यांदेखत म्हणाला, "साडूभाऊ, त्याला हात लावायला डोकं लागतं."

त्यात नावासाठी वीस घरांचा खण, एका घरात एक अक्षर, मग आठ घरांचा एक रिकामा खण, मग रक्तगट. रिकामा खण कुठेच वापरलेला नव्हता. मी तो काढून टाकला. चौथ्या दिवशी एका बाईंच्या चिठ्ठीवर रक्तगटच छापला गेला नाही. नर्सच्या वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं. साहेब म्हणाले, उद्या दुपारपर्यंत कारण सांगा, नाहीतर राजीनामा आणा. टाचणीने माझ्या टेबलावर कोरा कागद आणून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळभर मी नावं टाकत बसलो. सगळी नीट छापली जात होती. विसाहून लांब नाव प्रोग्राम घेतच नव्हता. मग मोजून वीस अक्षरांचं टाकलं आणि रक्तगट गेला. सीमध्ये मजकूर संपला हे कळायला शेवटी एक शून्य ठेवावं लागतं. वीस घरं नावानेच भरली की ते शून्य शेजारच्या खणात जाऊन बसतं. शेजारी आधीच भरलेला रक्तगट असला, तर तो पहिल्याच घरात संपतो आणि कोरा छापला जातो. पूर्वी ते रिकाम्या खणात पडायचं.

मला चारचौघांत बोलता येत नाही. साहेबांपुढे मी टाचणीचं पूर्ण नाव टाइप केलं. रोमन अक्षरांत, मधल्या जागा धरून, बरोबर वीस. रक्तगट कोरा आला. खण परत घातला, तसा रक्तगटही परत आला.

साहेबांनी त्याला विचारलं, हा खण कशासाठी होता?

"पाय घसरलाच तर खाली गादी असावी म्हणून."

"म्हणजे फरशी ओली आहे हे माहीत होतं. मग पुसली का नाहीत?"

मी खिशातला कोरा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. याची लाज वाटायला हवी होती. अजून वाटलेली नाही.

मी विसाचे एकवीस केले. त्याची बदली सामानाच्या कोठारात झाली. मेहुणी तेव्हापासून आमची पायरी चढलेली नाही. बायको म्हणते, तो समोरच तर बसायचा, हा खण कशाला एवढंच विचारायचं होतं. खरं आहे. पण त्याने सांगितलं नसतं, आणि त्याला विचारायला माझी जीभ वळली नसती.