शेवट तेवढा बदला

कवळ्या बनवणारा माणूस स्वतः मात्र दात दाखवत नाही, हा विनोद त्याला भेटणाऱ्या प्रत्येक दातांच्या डॉक्टरने एकदा तरी केला होता, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं वाटत होतं. तो मान हलवायचा, पेशंटच्या जबड्यांच्या ठशांचे डबे पिशवीत भरायचा आणि निघायचा. सगळ्या दवाखान्यांत त्याला कवळीवाला म्हणत. नाव कुणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं.

त्याचा कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा. कोपऱ्यात पॉलिशचं मशीन, त्याची पांढरी धूळ चहाच्या कपापर्यंत पोचायची. आई होती तोवर ती रोज ओल्या फडक्याने धूळ पुसायची आणि पुसताना रोज कुरकुरायची. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. धूळ आता कुणी पुसत नव्हतं.

या धंद्यात कवळी आधी मेणात बनते. डॉक्टर ती पेशंटच्या तोंडात बसवून बघतात आणि चिठ्ठी लावून परत पाठवतात. पुढचे दात जरा आत घ्या, ओठ उचलला जातोय, असलं काहीतरी. चिठ्ठी आली की वाद घालायचा नाही. मेण तापवायचं, दात सरकवायचे, परत पाठवून द्यायचं. तोंड दुसऱ्याचं आणि बघणाराही दुसराच, तेव्हा आपण कशाला अक्कल पाजळा? उभा जन्म त्याने असंच काम केलं होतं आणि त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

त्याला काय झालं होतं, असं कुणी विचारलं असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. सकाळी जाग यायची आणि उठायचं कशासाठी ते कळायचं नाही. आंघोळीचं नुसतं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा. कुकर लावायचा तर आधी तो घासावा लागेल, एवढ्या विचारानेच तो पुन्हा आडवा व्हायचा. काम तेवढं हात आपोआप करत होते.

रोज संध्याकाळी ताईचा फोन यायचा. ताई दुसऱ्या गावी राहायची. नवरा नोकरीपायी बाहेर, मुलगा शिकायला लांब, त्यामुळे तीही एकटीच. जेवलास का, असं ती विचारायची. तो हो म्हणायचा. बरा आहेस ना? ठीक आहे. मग ती वरच्या मजल्यावरच्या बाईच्या कागाळ्या सांगायची आणि तो हं हं करायचा. फोन ठेवला की त्याला वाटायचं, आज सांगायला हवं होतं. पण जीभच उचलायची नाही. ताईला आपलं खरं काय ते कळावं, ही एवढी एकच इच्छा त्याच्यात शिल्लक राहिली होती.

एकदा दवाखान्यात डॉक्टरांची वाट बघत बसलेला असताना त्याला फोनवर मनाच्या आजारांविषयीची एक वेबसाइट दिसली. तुमचा अनुभव लिहून पाठवा, आम्ही छापू, असं त्यात आवाहन होतं. त्याला वाटलं, तोंडाने सांगता येत नाही ते लिहावं आणि छापून आलं की ताईला पाठवून द्यावं. छापलेल्या गोष्टीवर माणसं विश्वास ठेवतात.

प्लास्टर वाळेपर्यंतच्या मोकळ्या वेळात त्याने लिहिलं. आडपडदा न ठेवता लिहिलं. 'कुणीतरी येऊन मला उठवावं असं वाटतं,' असं त्यात एक वाक्य होतं, 'आणि कुणी आलंच तर उठून दार उघडायची ताकद माझ्यात नाही.' हे लिहून झाल्यावर तो बराच वेळ रडला.

संपादक बाईंचं उत्तर आलं. वाचताना डोळे भरून आले, असं त्यांनी लिहिलं होतं. पण आमचे वाचक आधीच खचलेले असतात, शेवटी त्यांना आधार वाटेल असं काहीतरी हवं. तुम्ही यातून कसे सावरलात ते चार ओळींत लिहाल का? बाकी एक अक्षरही बदलू नका, शेवट तेवढा बदला. बाई वाईट नव्हत्या. त्यांचंही त्यांच्या परीने बरोबरच होतं. फक्त कसे सावरलात हे विचारण्याच्या घाईत सावरलात का हे विचारायचं त्यांच्याकडून राहून गेलं, आणि ही गोष्ट सांगताना मला अजून त्या बाईंचा राग येतो.

त्यालाही आधी राग आला. मग सवय आड आली. चिठ्ठी आली होती, आणि चिठ्ठीशी तो कधी भांडला नव्हता. त्याने लिहिलं, आता मी रोज सकाळी फिरायला जातो. खिडकीत एक रोप लावलंय, त्याला पाणी घालतो. हळूहळू बरं वाटू लागलंय. खिडकीत प्लास्टरचे जबडे होते. ताई असल्या चार ओळींना भुलायची नाही, वरचं वाचून ती काय ते ओळखेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

लेख छापून आला, वर उगवत्या सूर्याचा फोटो. त्याने तो ताईला पाठवला. त्या संध्याकाळी तिचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती बॅग भरून निघाली असेल, या विचाराने त्याने खुर्चीवरची धूळ पुसली, खूप दिवसांनी कुकर घासला.

मग फोन आला. ताई घरूनच बोलत होती, आणि रडत होती.

"मला वाटायचं मी एकटीच अशी आहे," ती म्हणाली. "किती महिने झाले, मला उठवतच नाही. तुला फोन करायचा म्हणून संध्याकाळी तेवढी उठून बसते. तू यातून सुटलास. मला सांग ना, कसं करायचं."

खरं बोलायची वेळ हीच होती आणि त्याची जीभ पुन्हा उचलली नाही. फिरायला जा, तो म्हणाला. रोप लाव. कसलं रोप, तिने विचारलं. गुलाबाचं, त्याने ठोकून दिलं.

त्यानंतर ती रोज फोनवर हिशोब द्यायची. आज चौकापर्यंत गेले. आज पाणी घातलं. एक फुटवा आलाय. तो वा म्हणायचा आणि स्वतःला शिव्या घालायचा. एका संध्याकाळी तिचा आवाज अगदी बसलेला होता.

"मला काही फरक पडत नाही रे. तू केलंस तस्संच करते. तुला जमलं आणि मला जमत नाही, म्हणजे माझ्यातच काहीतरी खोट आहे."

"ताई," तो म्हणाला, "ते शेवटचं मी बनवून लिहिलं. त्यांनी मागितलं म्हणून. रोपबिप काही नाही. वरचं तेवढं खरं आहे."

"म्हणजे तू अजून तसाच आहेस?"

"हो."

अखेर ताईला कळलं होतं. कळलं की छातीवरचं ओझं उतरेल असं त्याला वर्षभर वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. तिची एकुलती एक आशा आपण काढून घेतली, एवढंच त्याला जाणवलं.

"बरं," ती म्हणाली. "ठीक आहे." आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला नाही. तो हात धुऊन टेबलाशी बसून राहिला. आजवर फोन नेहमी ताईनेच केला होता. आज पहिल्यांदा त्याने लावला. तो पुष्कळ वेळ वाजला, मग तिने उचलला.

"जेवलीस का?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

वर्षभर तो स्वतः ताईला हेच सांगत आला होता. तिकडे आज गॅस पेटलेलाच नाही, हे त्याला लगेच कळलं. पुढे काय विचारायचं ते त्याला सुचेना, आणि फोनही ठेववेना.