मान मोडून मिळणार नाही

मारुंजीत बबनअण्णांच्या सलूनमध्ये आरशाच्या वर लाल रंगात एक पाटी होती : 'मान मोडून मिळणार नाही.' दाढी-कटिंगचे दर कुठे लिहिलेले नव्हते, देवाचा फोटोही कोपऱ्यात ढकललेला. पण ही पाटी खुर्चीत बसल्या बसल्या नाकासमोर. मी हिंजवडीत दिवसभर लॅपटॉपपुढे वाकून बसणारा, मानेचा पार दगड झालेला माणूस. पहिल्याच कटिंगनंतर पाटीकडे काणाडोळा करून मी मान सैल सोडली आणि म्हणालो, "अण्णा, एकदा कडकन करा की." तव्याचा चटका बसावा तसे अण्णांनी दोन्ही हात मागे घेतले.

"पाटी वाचली न्हाई व्हय?"

"वाचली. पण सगळीकडे करतात हो!"

"मग सगळीकडं जावा. हितं न्हाई."

असा राग आला मला! गिऱ्हाइकाशी बोलायची ही काय पद्धत? पण कटिंग झकास केली होती, आणि दुसरं सलून लांब होतं. गेलो पुन्हा, तोंड वाकडं करून.

मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचो ते शंकरशेठ म्हणजे अण्णांचे लहानपणापासूनचे दोस्त. थोडी जमीन विकून त्यांनी तीन मजले खोल्या बांधल्या होत्या, तरी गडी टेम्पो चालवायचा सोडत नव्हता, असं सगळे सांगायचे. मी पाहिले ते शंकरशेठ मात्र एका अंगाला कलून चालायचे, घोगऱ्या, हवा गेलेल्या आवाजात बोलायचे आणि पाण्याच्या एका घोटाला घाबरायचे. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी अण्णा येत, त्यांची दाढी करत आणि चमच्या-चमच्यानं घट्ट पेज भरवत. मला वाटलं, वा, याला म्हणतात मैत्री. मग एकदा त्यांच्या बायकोनं, मंदाकाकूंनी, ओट्यावर मेथी निवडता निवडता खरं काय ते सांगितलं.

शंकरशेठना कटिंगनंतर मान मोडून घ्यायचा भारी नाद. दोन्ही बाजू वाजल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. एके दिवशी डावी बाजू काही वाजेना. "बबन्या, हात मऊ पडले का रं तुझे?" असं त्यांनी डिवचलं आणि अण्णांनी पुन्हा, जोर लावून हिसका दिला. वाजली. शंकरशेठ हसत उठले, टेम्पोपर्यंत गेले आणि दाराला धरून भडाभडा ओकले. सगळं गरगर फिरायला लागलं. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी आतून फाटली होती. गिळायचा, बोलायचा हुकूम मेंदूच्या ज्या जागेवरून सुटतो, तिथं रक्त पोचलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हिसक्यानं झालं असेल, नसेलही, खात्रीनं सांगता येत नाही. घरच्यांनी त्यातलं 'नसेलही' धरलं. अण्णांनी 'असेल' धरलं, ते काही केल्या सोडलं नाही. सलूनमध्ये पाटी लागली ती त्याच आठवड्यात.

त्यानंतर मला त्या पाटीचा राग आला नाही. पण अण्णांचं ते रोजचं येणं बघवेनासं झालं.

"हनुवटी खाली. हां. आता गिळ," अण्णा म्हणायचे आणि शंकरशेठच्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली येईपर्यंत त्यांचा स्वतःचा श्वास अडकलेला असायचा. शंकरशेठ तसेही थट्टेखोर. घशातून कसंबसं म्हणायचे, "बबन्या, आजून येकदा मोड. सरळ हुईल." मी हसायचो, मंदाकाकू हसायच्या. अण्णा कधीच हसले नाहीत.

"तू मला येक शिवी दे, शंकर. लई न्हाई, येकच," ते एकदा माझ्यासमोर म्हणाले.

"शिवीला आवाज कुटाय रं," शंकरशेठ म्हणाले आणि पुढच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.

माझी मान शेवटी मी सूसला मान-पाठीचे सांधे बसवणाऱ्या एका कायरोप्रॅक्टरकडे नेली. त्यानं हात लावायच्या आधी भंडावून सोडलं. चक्कर येते का, गिळताना अडकतं का, बीपी आहे का, आधी काही दुखापत? भिंतीवर चित्र होतं : कवटीखालून निघून मानेतून थेट पोटापर्यंत उतरलेली व्हेगस नावाची नस. मी त्याचा फोटो अण्णांना दाखवला. चष्मा पुसून त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"येवढी लांब? आन मी वरच्या टोकाला धरून हिसका मारला."

"अण्णा, नस नाही तुटली. रक्ताची नळी होती ती."

"त्याला काय फरक पडतोय? पानी गिळता येतंय का त्याला?" मग हळूच विचारलं, "त्यो डाक्टर आदी इचारतो म्हनता? चक्कर येती का, गिळतंय का?"

"हो. सगळं विचारतो."

"आमच्या बापानं हिसका शिकवला. इचारायचं न्हाई शिकवलं," अण्णा म्हणाले आणि वस्तरा पुसायला लागले.

पावसाळ्याच्या शेवटी शंकरशेठना ठसका लागला, पेज छातीत उतरली, ताप चढला. दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत. बबनअण्णा स्मशानात सगळ्यांच्या मागे उभे होते. तिथून दुकानात गेले ते आतून शटर ओढून बसले.

दहाव्याला नदीच्या घाटावर शंकरशेठचा मुलगा योगेश मुंडनाला बसला. वस्तरा घेऊन दुसराच कोणीतरी आला होता. योगेशनं आपल्या डोक्यावर हात ठेवला. "बबनअण्णाला बोलवा. दुसऱ्याचा हात न्हाई लागनार." भावकीत कुजबुज झाली. मी स्कूटर काढली.

शटरच्या आतून अण्णांचा आवाज आला, "त्याच्या पोराच्या मानंला हात लावू मी? डोकं फिरलंय का तुमचं?"

"अण्णा, तो उठत नाहीये. भटजी खोळंबलेत. मीही इथून हलणार नाही," मी ओरडलो. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. बऱ्याच वेळानं शटर वर गेलं.

घाटावर अण्णा योगेशच्या मागे जाऊन उभे राहिले. वस्तरा डोक्यापाशी नेऊन त्यांनी दोनदा मागे घेतला. मंदाकाकूंनी डोळे मिटले. योगेशनं मान पूर्ण खाली घातली, हनुवटी छातीला टेकवून. अण्णांनी डावा तळवा त्याच्या कपाळाखाली धरला, बाळाचं डोकं धरतात तसा. मग हात ठरला. मानेवरचे शेवटचे केस त्यांनी फार सावकाश काढले.

"झालं," ते म्हणाले. "येकदम उठू नगं. चक्कर येतीया का?"

"न्हाई, अण्णा."

"पानी पी." त्यांनी तांब्या त्याच्या हातात दिला. "हनुवटी खाली. आता गिळ."

चांगला तिशीतला, धडधाकट गडी. पण योगेशनं हनुवटी खाली घेतली आणि सांगितलं तसं गिळलं. त्याच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग अण्णांनी श्वास सोडला आणि तिथंच पायरीवर बसून मोठ्यानं रडायला लागले.