आईच्या गाडीचे पडदे

मंडळी, आज सकाळी नातीच्या सरावासाठी गाडी तयार केली. हवा भरली, आरसा तिच्या उंचीला लावला. लाल 'एल'चं स्टिकर मात्र मुलाने लावू दिलं नाही. म्हणे, "बाबा, लोक हसतात."

मला माझ्या लहानपणचा, पंचावन्न सालच्या आसपासचा नौपाडा आठवला. आई गाडी शिकणार म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्या काचांना पडदे लावले होते. बाई गाडी चालवतेय हे शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

आई स्टिअरिंगवर बसली. "अहो, मी लोकांना नाही दिसले तर चालेल. पण मला लोक दिसायला नकोत का?"

अण्णांनी पडदे काढले. पुढे कितीतरी वर्षं ते आमच्या न्हाणीघराला होते.

नातीला हे सांगितलं, तशी ती गाडीतून खाली उतरली आणि स्टिकर लावून आली.

तुमच्याकडे कोणी गाडी शिकताना घरच्यांनी काय झाकलं होतं?