रुपीकाकीचं उखळ

आमच्या रुपीकाकीला कोणी हळू आवाजात बोलताना ऐकलं असेल, तर त्याला मी पुसदच्या बाजारात पोटभर जिलबी खाऊ घालीन. काका गेल्यावर नाल्याकाठचं काळंभोर वावर तिनं एकटीनं कसलं. आणि सत्तावन्न साली तेच वावर कागदावर शेजारच्या डोंगरसिंगचं झालं!

लबाडी कोणाचीच नव्हती. जुन्या नोंदीत लिहिलं होतं, रुपीबाईचं वावर तांड्याच्या उगवतीला. पण आम्ही पडलो बैलांवर माल लादून फिरणारे. साथ आली की झोपड्या मोडायच्या आणि दुसरीकडे उभ्या करायच्या, ही आमची रीत. पटकीच्या साथीत तांडा नाला ओलांडून उगवतीच्या काठावर आला, ते सरकारला कळवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. नवा पटवारी नव्या तांड्यात उभा राहिला, त्यानं उगवतीला बघितलं, आणि तिकडचा डोंगरसिंगचा खडकाळ माळ काकीच्या नावावर चढवला. आणि त्याच्या बदल्यात काकीचं वावर डोंगरसिंगच्या नावावर.

डोंगरसिंग वाईट माणूस नाही, पण आयतं आलेलं कोण सोडतो? तो औत घेऊन आला. काकी बैलांपुढे आडवी उभी राहिली, आणि दुसऱ्याच दिवशी तहसिलीत जाऊन थडकली. तिच्या तोंडापुढे टिकाव लागेना, म्हणून म्हणा, नायब तहसीलदार यज्ञेश्वरराव स्वतः पाहायला आले. अख्खा तांडा त्यांच्या मागे!

"जुना तांडा कुठं होता ते दाखवा," साहेब म्हणाले.

आली का पंचाईत! तिथं नुसती काटेरी बोराटी माजली होती.

"मले तं काई आठवत नाई, साहेब," डोंगरसिंग म्हणाला.

"मले आठवते ना!" काकी कडाडली. "झोपडी नेली, भांडी नेली. खडकात कोरलेलं उखळ कसं नेतीन? खेमसिंग, कुऱ्हाड आण!"

मी बोराटी तोडत सुटलो. हात सोलून निघाले, पण थांबतो कोण! एक खड्डा लागला, तर तो पाण्यानं झिजलेला निघाला. लोक हिरमुसले. काकी मात्र गुडघ्यावर बसून माती उकरतच होती. ती एकदम ओरडली. गोल, गुळगुळीत, कोपरापर्यंत खोल उखळ! बायका टाळ्या पिटायला लागल्या.

काकी डोंगरसिंगकडे वळली. "ये, घाल हात. तुह्या लग्नाची हळद म्या याच उखळात कांडली. आठोलं का आता?"

तो खाली बसला. त्यानं उखळात हात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"वावर भाभीचंच हाय, साहेब," तो शेवटी म्हणाला. "इथंच कुठंतरी माह्या मायचंबी उखळ असन."

मग कुऱ्हाड त्यानं माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच बोराटी तोडू लागला.

साहेबांनी तिथंच बसून नोंद दुरुस्त केली. "आता तांडा हलवला तर आधी कळवत जा," ते जाताना म्हणाले.

"तांडा कुठंबी जावो, साहेब," काकी म्हणाली, "माहं वावर आता जागचं हालत नाई!"